गोष्टीला हुंकार कोण देणार?

माझी भाची चार वर्षांची झाली, तेव्हा मी तिला एकवीस पुस्तकं दिली. इंजिनिअर माणूस, त्यामुळे आधी एक्सेलमध्ये यादी केली होती. पानं किती, चित्रं किती, कुठल्या वयासाठी, मराठी की इंग्रजी, असे रकाने होते. रोज रात्री साडेआठला एक पुस्तक, म्हणजे तीन आठवड्यांत सगळी संपतील असा हिशोब होता. तिसऱ्याच रात्री तिने पुस्तक माझ्या हातात नीट ठेवलं आणि समजूतदारपणे म्हणाली, "मामा, तू वाच. मी मोबाईल बघते."

हे चाललेलं असताना खोलीत आणखी एक माणूस होतं. माझी आजी, म्हणजे भाचीची पणजी, वय चौऱ्याऐंशी, माहेर कुडाळकडचं. चौथीपर्यंत शिकलेली. मी आणि ताई लहान असताना मे महिन्यात तिच्याकडे जायचो, तेव्हा अंगणात झोपून तिच्या गोष्टी ऐकायचो. तिची एकच अट असायची. मध्येच थांबून ती म्हणायची, "हूं म्हण गो, नायतर गोष्ट थांबता." आम्ही दोघं आळीपाळीने "हूं" म्हणायचो. ज्याचा आवाज आधी बंद होईल, तो झोपला असं समजायचं.

गेली दोन-तीन वर्षं आजीने एकही गोष्ट सांगितली नव्हती. वय झालं, आता आठवत नसेल, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

नवा कोड चालेनासा झाला की आम्ही जुनं व्हर्जन उघडून बघतो. मीही तेच केलं. घराघरांत मुलांची छापील पुस्तकं पोचण्याआधी आपल्याकडे गोष्ट कशी सांगितली जायची, हे वाचत गेलो. आणि जिथे जिथे सांगणारा शोधायला गेलो, तिथे तिथे मला ऐकणारा भेटला.

सुरुवात पैठणपासून करू. गुणाढ्याची दंतकथा तुम्ही कदाचित ऐकली असेल. ती आपल्याला सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागर' या संस्कृत ग्रंथातून माहीत आहे. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. तिथल्या सातवाहन राजाच्या दरबारातला हा पंडित. एका पैजेत हरल्यामुळे त्याला संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडाव्या लागतात. उरलेल्या पैशाची भाषेत तो सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहितो, तीही स्वतःच्या रक्ताने. राजा ती झिडकारतो. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवतो आणि एकेक पान वाचून आगीत टाकू लागतो. ऐकायला रानातले पशुपक्षी जमतात. ते डोळ्यांत पाणी आणून ऐकतात, चरायचंही विसरतात. इकडे राजाच्या ताटातलं मांस वाळकं निघतं, राजा आजारी पडतो. चौकशी करता करता तो डोंगरावर पोचतो, तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात. उरलेला एक लाख वाचतो.

हे खरं घडलं की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. या दंतकथेत गोष्ट कुणामुळे वाचली ते बघा. राजाला तिची किंमत कळली ती हरणं उपाशी राहिली म्हणून. दरबारात मिळाले नाहीत ते श्रोते रानात मिळाले, आणि त्यांच्यामुळे एक लाख श्लोक उरले.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं. श्रावणातल्या कहाण्या आठवा. बऱ्याच घरांत कहाणी ऐकताना हातात अक्षता किंवा धान्याचे दाणे धरायची पद्धत आहे. लहानपणी मला ते निव्वळ कर्मकांड वाटायचं. आता वाटतं, चुळबुळणाऱ्या पोराच्या हातात सहा दाणे दिले, तर ते सांडू नयेत एवढ्यासाठी तरी ते बसून राहतं! आदित्यराणूबाईच्या कहाणीत तर ऐकणारा शोधणं हाच कथेचा मोठा भाग आहे. कहाणी सांगायची आहे, पण ऐकायला माणूस हवं. वाटेत मोळीविक्या भेटतो, माळी भेटतो, मुलगे दुरावलेली म्हातारी भेटते. जो ऐकतो त्याचं भलं होतं. मोळी विकली जाते, मळ्याला पाणी लागतं, मुलगे परत येतात. सांगणाऱ्याइतकंच पुण्य ऐकणाऱ्याला देणारी ही कथा आहे.

तिसरं उदाहरण आजीच्या माहेराजवळचं. कुडाळ तालुक्यातलं पिंगुळी हे गाव चित्रकथीसाठी ओळखलं जातं. ठाकर समाजातले कलाकार ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. सावंतवाडी संस्थानाने तिला आश्रय दिला होता. हाती रंगवलेल्या सुट्या चित्रांचा एक गठ्ठा म्हणजे एक आख्यान, आणि त्या गठ्ठ्याला नाव काय, तर 'पोथी'. विषय बहुतेक रामायण-महाभारतातले. सांगणारा वीणा घेऊन बसतो, साथीला टाळ आणि हुडूक असतं. एक चित्र समोर धरायचं, त्यावर गायचं, बोलायचं, मग पुढचं चित्र. या पोथीत वाचायची अक्षरं नाहीत, ती लोकांसमोर सांगितल्याशिवाय उघडतच नाही. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

एकविसाव्या शतकातली महागडी पिक्चर बुक्स मी एक्सेलमध्ये शोधत होतो, आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी माणसं आजीच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर होती!

मग छापखाना आला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीती' आणि 'बाळमित्र' ही पुस्तकं १८२८ ची. मराठी मुलांसाठी छापलेल्या पुस्तकांत ती अगदी सुरुवातीची. पुढे १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' मासिक काढलं, १९०६ मध्ये वा. गो. आपट्यांनी 'आनंद' सुरू केलं. या लोकांचे आपल्यावर फार उपकार आहेत. ज्या मुलाच्या घरात सांगणारं कुणी नव्हतं, त्याच्यापर्यंतही गोष्ट पोचायची सोय त्यांनी केली.

पण मला वाटतं, एक गोष्ट सुटली. पुस्तक बहुतेक मुलांच्या हातात शाळेच्या दारातून आलं. गोष्टीच्या शेवटी तात्पर्य आलं, तात्पर्यावर प्रश्न आला, प्रश्नाला मार्क आले. हुंकार देणाऱ्या मुलाचं उत्तर देणारं मूल झालं. दोन्ही बोलतातच, पण "हूं" चुकत नाही आणि उत्तर चुकू शकतं.

हे ज्यांना खुपलं त्यांच्यात भावनगरचे गिजुभाई बधेका होते. गिजुभाई पेशाने वकील. १९१३ मध्ये मुलगा झाला, आणि त्याला कसं वाढवावं या विचारातून ते बालशिक्षणाकडे, माँटेसरीच्या पुस्तकांकडे वळले. १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक वर्गात पाठ्यपुस्तक उघडण्याआधी गोष्ट सांगायला लागतो. मुलं गोष्टीत अडकतात, मग नाटक करतात, मग आपणहून पुस्तकांकडे जातात. क्रम लक्षात घ्या: आधी कान, मग अंग, मग डोळे. मी भाचीला थेट डोळ्यांपासून सुरुवात करायला लावली होती.

गिजुभाईंच्या सोबत भावनगरला काम करणाऱ्या ताराबाई मोडक पुढे आपल्याकडे आल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती, कारण कुणी गुरं राखत होतं, कुणी धाकटं भावंडं सांभाळत होतं. तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरांमागे गेली ती कुरणशाळा. साधनं म्हणजे पानं, बिया, शिंपले, दगड. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे आज देशभर 'अंगणवाडी' म्हणतात. मूल पुस्तकाकडे येत नसेल तर ते जिथे आहे तिथे गोष्ट न्यायची, एवढा साधा अर्थ त्या शब्दात आहे.

आणि साने गुरुजी. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहून काढली, पुस्तक १९३५ मध्ये आलं. त्यातल्या प्रकरणांना प्रकरण म्हटलेलं नाही, 'रात्र' म्हटलंय. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. कोण आलं, कोण यायचं राहिलं, कुणी काय विचारलं, हेही गुरुजी लिहितात. कोठडीत बसून लिहिणाऱ्या माणसाने कागदावरसुद्धा आधी ऐकणारे बसवले. गुरुजी गेल्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावाने कथामाला सुरू केली, तिचं कामही मुलांना गोष्टी सांगण्याचंच.

आता एक अमेरिकन संदर्भ. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे आईबाप घरी चित्रांची पुस्तकं वाचून दाखवत होतेच. त्यातल्या काहींना एवढंच शिकवलं, की सरळ वाचत जाऊ नका, थांबा, "हा काय करतोय?" असं मोकळं विचारा, आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घाला. महिनाभरात ही मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली. नऊ महिन्यांनंतरही फरक थोडा कमी झाला होता, पण होता. या पद्धतीला 'संवादी वाचन' म्हणता येईल. आजी तिला "हूं म्हण गो" म्हणायची.

नेटवर्किंगच्या पहिल्या धड्यात आम्हाला हेच शिकवतात. पाठवणारा माहितीचा तुकडा पाठवतो आणि "पोचलं" अशी पोचपावती येण्याची वाट बघतो. ती येईना, तर तो पुन्हा पाठवतो, वेग कमी करतो, शेवटी कनेक्शन सोडून देतो. कार्टूनला अशी पावती लागत नाही. समोरचं मूल झोपलं तरी ते चालूच राहतं. माणसाला लागते.

हे सगळं वाचून मी एका रविवारी आजीजवळ बसलो आणि विचारलं, "आजी, तू गोष्टी सांगणं का बंद केलंस?"

पहिल्यांदा तिला ऐकूच गेलं नाही. तिचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ती ते ड्रॉवरमध्ये ठेवते. मी मोठ्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "माका वाटला, कोण आयकनाच नाय."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. तिला गोष्टी आठवत होत्या. आमचा "हूं" तिच्या कानापर्यंत पोचणं बंद झालं होतं. शेवटच्या काळात आमच्यापैकी बरेच जण हातात फोन धरूनच "हं, हं" करत होते, त्यामुळे तिचा अंदाज अगदीच चुकला होता असंही म्हणता येत नाही. पोचपावती येईना, म्हणून तिने कनेक्शन सोडून दिलं.

मग आम्ही पद्धत बदलली. भाचीला सांगितलं, पणजीला "हूं" ऐकू येत नाही, म्हणून तिचं बोट दाबायचं. एकदा दाबलं की "हूं", दोनदा दाबलं की "थांब, काय झालं?" वाटीत तांदळाचे सहा दाणे ठेवले. गोष्टीत नवं माणूस आलं की एक दाणा पणजीच्या हातावर. मी जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं कापून दिली, त्यांवर भाची ऐकलेल्या गोष्टीची चित्रं काढते. दहा-बारा पानं जमली, वरून सुतळीने बांधली. तिला आम्ही पोथी म्हणतो. तीच पोथी धरून ती दुसऱ्या दिवशी मला गोष्ट सांगते. मी मुद्दाम चुकीचं बोललो, कोल्ह्याला वाघ म्हणालो, की चिडून दुरुस्त करते.

एकवीसपैकी सात पुस्तकं आतापर्यंत उघडली गेली आहेत. ती मी वाचून दाखवत नाही. मधेच थांबतो आणि हुंकाराची वाट बघतो. काही रात्री तो येतो, काही रात्री ती अजूनही मोबाईलच मागते.

गेल्या आठवड्यात आजी एक लांबलचक गोष्ट सांगत होती. मी ती लहानपणी कधीच ऐकली नव्हती. ही जपून ठेवायला हवी, म्हणून मी हळूच फोन काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आजी थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आयकतंस, की नुसतोच फोटो काढतंस?"

मी फोन ठेवला. भाचीने तिच्या उजव्या हाताचं बोट धरलं होतं, डावा हात मोकळा होता.