पाण्याचा वारसा : मुंबई उपनगरांतील घरगुती मत्स्यपालनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

घरात काचेची टाकी आणून तीत गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे पाळण्याचा छंद मुंबईच्या उपनगरांत आता सर्वपरिचित झाला आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील सदनिकांत कुत्र्यामांजरांसाठी जागा नसली तरी दोन फुटांची टाकी सहज मावते. मात्र या छंदाचा आरंभ बहुधा अपयशाने होतो. नवी टाकी, स्वच्छ पाणी, निरोगी दिसणारे मासे, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकामागून एक होणारे मृत्यू, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याचा दोष नशिबाला किंवा विक्रेत्याला देण्याची रीतच पडली आहे. या अपयशाचे कारण माशापेक्षा पाण्यात अधिक आहे, आणि उपनगरातील पाण्याला स्वतःचा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या आधारे नवशिक्या मत्स्यपालकाचा प्रश्न तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपनगरांचे पाणी

मुंबई शहराला नळाने पाणी पुरविण्याची व्यवस्था साष्टी बेटाच्या डोंगरांतून उभी राहिली. विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. हे दोन्ही तलाव आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतात. १८९१ मधील पवई तलावाचे पाणी पुढे पिण्यासाठी अयोग्य ठरले. १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले आणि मुंबईची तहान बेटाबाहेर, सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळली. स्वातंत्र्योत्तर काळात वैतरणा व भातसा या नद्यांची त्यात भर पडली.

याच काळात उपनगरेही बदलत होती. १९५० मध्ये महानगरपालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत वाढली. १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. विहिरी, तळी आणि वाड्या यांच्या आधारे जगणारी गावे क्रमाने नळाच्या पाण्यावर आली. मुलुंड आणि घाटकोपर यांच्या दरम्यान असलेल्या भांडुप येथे विशाल जलशुद्धीकरण संकुल उभे राहिले. तेथे पाणी निवळले जाते, गाळले जाते आणि त्यात क्लोरीन मिसळला जातो.

मत्स्यपालकाच्या दृष्टीने या व्यवस्थेचे दोन परिणाम महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, हे पाणी पावसाचे व तलावाचे असल्याने मृदू असते. त्यात विरघळलेले क्षार कमी असल्यामुळे आम्लता वाढू लागली तर तिला आवर घालण्याची त्याची शक्तीही मर्यादित असते. दुसरा असा की, माणसाला कॉलरा व विषमज्वरापासून वाचविणारा क्लोरीन माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक त्वचेला मात्र जाळतो. नगराचे पाणी माणसाच्या आरोग्यासाठी घडविले गेले. माशासाठी ते पुन्हा घडवावे लागते.

गप्पी : विहिरीतून टाकीत

उपनगरांत नवशिक्याच्या हाती प्रथम येणारा मासा म्हणजे गप्पी. त्याचे येथील आगमन शोभेसाठी झालेले नाही. मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा शोध घेऊन डॉ. सी. ए. बेंटले यांनी १९११ मध्ये अहवाल सादर केला. शहरातील विहिरींत वाढणाऱ्या अॅनोफेलिस डासांकडे त्यांनी लक्ष वेधले. विहिरी बुजविण्याच्या वा झाकण्याच्या उपायाला धार्मिक कारणांसाठी विहिरीचे पाणी वापरणाऱ्या समाजांकडून विरोध झाला. पाणी मोकळे ठेवून डासांच्या अळ्या नष्ट करण्याचा एक मार्ग म्हणजे अळीभक्षक मासे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील व त्रिनिदादमधील गप्पी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात, तर गंबुशिया हा मासा १९२८ मध्ये भारतात आणला गेला. विहिरी, कारंजी व साचलेल्या पाण्यात गप्पी सोडण्याची पद्धत मुंबई महानगरपालिकेने आजही टिकविली आहे.

गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते, आणि हा मासा अल्प प्राणवायूतही तग धरतो. या गुणांमुळे तो बाटलीतून, बादलीतून घराघरांत पोहोचला. परंतु याच चिवटपणाने एक गैरसमज रुजविला. विहिरीत जगणारा मासा कोणत्याही बरणीत जगेल, असे मानले जाऊ लागले. विहिरीतील हजारो लिटर पाणी, शेवाळ आणि जीवाणू यांची साथ बरणीत नसते, ही गोष्ट दुर्लक्षित राहिली.

प्रदर्शनातून छंदाकडे

मासे पाहण्याच्या आवडीला मुंबईत संस्थात्मक रूप मिळाले ते मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयामुळे. तारापोरवाला कुटुंबाच्या देणगीच्या साहाय्याने उभारलेल्या या वास्तूचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. उपनगरांतील कित्येक पिढ्यांनी काचेमागचा मासा प्रथम पाहिला तो येथे. पुढे क्रॉफर्ड मार्केटमधील दुकानांतून टाक्या व मासे विकत घेण्याची सोय झाली.

या छंदातून शास्त्रालाही लाभ झाला. गोवा व कर्नाटकातील ओढ्यांत आढळणारा एक लहान मासा छंदिष्टांच्या जगात ‘नारायण बार्ब’ या चुकीच्या ओळखीने वावरत होता. मुंबईचे बी. एफ. छापगर व एस. आर. साने यांनी १९९२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला डॉ. एस. बी. सेटना या मत्स्यव्यवसाय खात्याच्या संचालकांचे नाव दिले.

अंधेरीतील वर्सोवा येथे तर मत्स्यशिक्षणाची राष्ट्रीय संस्थाच आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. मत्स्यशास्त्राचे एवढे मोठे केंद्र उपनगरातच असताना दुकानातून मासा घेऊन जाणाऱ्या ग्राहकाच्या हाती मात्र खाद्याची डबी आणि रंगीत खडी यांपलीकडे फारसे काही पडत नाही. ज्ञान आणि व्यवहार यांतील ही दरी माशांच्या मृत्यूंना कारणीभूत ठरते.

पिता-पुत्रांचा शोध

नवशिक्याला हवे असलेले ज्ञान नेमके कोणते, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील एका पिता-पुत्रांच्या संशोधनात सापडते. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनमधील रसायनशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये पाण्याच्या भांड्यात दोन सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासा तिला कर्बवायू पुरवील, असे त्याचे गणित होते. कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागल्यावर त्याने पाणगोगलगायी सोडल्या आणि समतोल साधला. समतोल मत्स्यपात्राची कल्पना येथून रूढ झाली.

मात्र या कल्पनेत एक दुवा अदृश्य राहिला होता. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे काय होते? याचे उत्तर शोधणाऱ्यांत वॉरिंग्टनचा मुलगा होता. त्याचेही नाव रॉबर्टच. रॉथमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात मातीवर प्रयोग करताना त्याने दाखवून दिले की अमोनियाचे रूपांतर दोन टप्प्यांत, दोन भिन्न प्रकारच्या सूक्ष्मजीवांकडून होते. प्रथम अमोनियाचे नायट्राइट आणि नंतर नायट्राइटचे नायट्रेट होते. १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राडस्की यांनी हे जीवाणू वेगळे करून दाखविले. वडिलांनी काचेत मांडलेल्या कोड्याचा राहिलेला भाग मुलाने शेतातील मातीत सोडविला.

नव्या टाकीतील मृत्यूंचे रहस्य येथेच आहे. अमोनिया कल्ल्यांना इजा करतो, तर नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नष्ट करतो. त्यांचा निचरा करणारे जीवाणू नव्या टाकीत जवळजवळ नसतातच. खडी, स्पंज व काच यांवर त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असतानाच ते विषारी असू शकते.

इतिहासाचा व्यवहारातील अर्थ

उपरोक्त विवेचनातून उपनगरातील नवशिक्यासाठी काही निष्कर्ष निघतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. गोल बरणीपेक्षा अशी टाकी हितावह, कारण पाणी जितके अधिक तितके त्यातील बदल सावकाश होतात. नळाचे पाणी हवा खेळती ठेवून एक दिवस उघडे ठेवावे किंवा क्लोरीननाशक द्रव्य वापरावे. इमारतीची गच्चीवरील टाकी ब्लीचिंग पावडरने धुतल्यानंतर तर ही दक्षता विशेष आवश्यक ठरते.

स्पंज फिल्टर व एअर पंप अखंड चालू ठेवावा. प्रारंभी दोन-तीनच लहान मासे सोडावेत आणि अमोनिया व नायट्राइट यांची चाचणी शून्य दाखवू लागल्यावरच संख्या वाढवावी. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. यामुळे साचलेले नायट्रेट कमी होते आणि मुंबईच्या मृदू पाण्यात हळूहळू वाढणारी आम्लताही आटोक्यात राहते. सर्व पाणी ओतून, खडी व स्पंज नळाखाली घासून धुण्याची घरगुती रीत मात्र घातक आहे. तिच्यामुळे आठवडे खर्चून वाढलेले जीवाणू क्लोरीनने मरतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे.

मुंबईच्या उष्ण हवेत गप्पी, मॉली, प्लॅटी यांना हीटरची गरज सहसा भासत नाही. उलट उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. थंड पाण्याच्या सोनमाशाला तो काळ जड जातो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी नव्या माशाबरोबर येतो. त्वचेखाली असताना त्याच्यावर औषध चालत नाही. पाण्यात मोकळा पोहत असतानाच तो मरतो, म्हणून ठिपके नाहीसे झाल्यावरही उपचार काही दिवस चालू ठेवावे लागतात. नवा मासा किमान दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवणे हा त्यावरील उत्तम प्रतिबंध होय.

समारोप

डासांच्या अळ्यांसाठी आणलेला गप्पी सबंध देशाच्या जलाशयांत पसरला. परका मासा पाण्यात सोडण्याचे परिणाम दीर्घकाळ टिकतात, हा त्यातील धडा आहे. छंदाला कंटाळून टाकीतील मासे पवईसारख्या तलावात सोडणारा मनुष्य दयाबुद्धीनेच वागत असतो, परंतु स्थानिक माशांवर तो संकट लादतो. टाकीतील मृत्यू आणि तलावातील परके मासे ही दोन्ही पाण्याविषयीच्या अज्ञानाचीच फळे आहेत. विहारच्या बांधापासून भांडुपच्या शुद्धीकरण संकुलापर्यंत या शहराने पाण्यासाठी जी दीर्घ खटपट केली, तिचा एक लहानसा धागा घरातील काचेच्या टाकीपर्यंत येतो. मासे पाळणे म्हणजे प्रथम पाणी पाळणे होय. हे ध्यानी घेऊन मासा आणण्यापूर्वीचा महिना पाण्याला देणारा नवशिक्या पहिल्या अपयशातून बहुतांशी वाचेल, आणि त्याच्या टाकीतील मुका जीवही.