तबकडीच्या कंपनीतलं कानाचं हाड

सोनारीहून वाहत्या कानाचा रुग्ण बार्शीला किंवा सोलापूरला गेला आणि आतलं हाड सडल्याची शंका आली, की डॉक्टर सीटी स्कॅन लिहून देतात. हे यंत्र जन्मलं गाण्याच्या तबकड्या विकणाऱ्या कंपनीत. बालगंधर्वांची पदं घरोघर पोचवणारी, भोंग्यापुढे कान टवकारून बसलेल्या कुत्र्याची ती एचएमव्ही. तिच्याच मूळ कंपनीत, ईएमआयमध्ये, गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ते बांधलं. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यावर पाहिला गेला.

यावरून एक लाडकी कथा निघाली: ईएमआयच्याच तबकड्यांवर गाणाऱ्या बीटल्सच्या कमाईतून सीटी स्कॅन उभा राहिला. तसं असेल तर बालगंधर्वांपासून लतादीदींपर्यंत आपण विकत घेतलेल्या प्रत्येक तबकडीचाही त्यात वाटा धरावा लागेल, आणि मला तो धरायला आवडलंही असतं! पण हिशेब जुळत नाही. ब्रिटिश आरोग्य खात्याने या कामात घातलेला पैसा कंपनीच्या पैशाहून कितीतरी जास्त होता. मग तबकडीचं नातं उरतंच कुठे? माझ्या मते ते पैशापेक्षा मोकळिकीत आहे. हाउन्सफील्ड यांनी कंपनीसाठी एमिडेक 1100 हा ट्रान्झिस्टरवरचा संगणक केला होता. 1962 मध्ये कंपनीने संगणकाचा धंदाच विकला. नंतर हाती घेतलेलं कामही गुंडाळावं लागलं, तेव्हा रिकाम्या झालेल्या या माणसाला पुढचा विषय स्वतः शोधायची मुभा मिळाली. मग लेथच्या पाट्यावर गॅमा किरणांचा स्रोत बसवून त्यांनी पहिली चाचणी घेतली. किरण इतके क्षीण, की एका चित्राची मोजमापं घ्यायला 9 दिवस लागले. नफ्यातोट्याची घाई असलेल्या कारखान्यात असला खेळ चालू दिला असता का, शंकाच आहे.

यावर कानाचे जाणकार म्हणतील, त्या यंत्राला कान दिसतच नव्हता. आक्षेप रास्त आहे. सुरुवातीच्या चित्रात 80 गुणिले 80 चौकटी, एकेक साधारण 3 मिलिमीटरची. रिकिबीच्या आकाराचं कानातलं सगळ्यात छोटं हाडही जेमतेम तेवढंच उंच. म्हणजे अख्खं हाड एका ठिपक्यात गडप. तोवर कानाची भिस्त शूलर (1905) आणि स्टेनव्हर्स (1917) यांच्या तिरक्या एक्स-रेंवर आणि नंतर पॉलिटोमवर होती. पॉलिटोममध्ये नळी व फिल्म वळणावळणाने अशी फिरत, की हवा तो पातळ थर स्पष्ट राही आणि बाकी सगळं पुसट होई. कानाला पातळ कापांत पाहायची सवय पॉलिटोमने लावली. ईएमआयने तिला गणित दिलं. म्हणून कानाच्या स्कॅनचं कूळ सांगताना मी पॉलिटोमला आधी मान देईन.

1980 च्या सुमारास दीड मिलिमीटरचे काप निघू लागले आणि सीटीत कानाची हाडं खरोखर उमटली. हाउन्सफील्ड यांना 1979 मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी थॉर्न या कंपनीने ईएमआय ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी स्कॅनरचा धंदा विकायला काढला. तबकड्यांचा ठेवला.