अम्लपित्ताची कुळकथा

आपल्या मंडळाच्या बैठकीत चहा फिरू लागला की निदान चार-पाच जणी तरी "मला नको बाई, पित्त होते" असे म्हणतात, आणि त्यांतल्या तिघी कप घेतातच. एकीच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी असते, दुसरीच्या डबीत आवळासुपारी, तिसरी घरी जाऊन सोडा घेणार असते. या दुखण्याविषयी आपण बोलतो पुष्कळ. पण ते आले कोठून, आपल्या आज्या-पणज्या त्यावर काय करीत आणि आजची गोळी कशी निघाली, हे कोणी सांगत नाही. मी शाळेत सातवीपर्यंतच गेले. परंतु गेली अठरा वर्षे हे दुखणे माझ्या संगतीला आहे. ज्याच्याबरोबर इतका संसार करावयाचा त्याचे कूळगोत्र ठाऊक असावे, म्हणून वाचनालयातील पुस्तके, आमचे वैद्यबुवा आणि औषधशास्त्र शिकणारी माझी धाकटी मुलगी यांच्याकडून जे मिळाले ते येथे लिहिते.

दुखणे जुनेच आहे. चरक-सुश्रुतांनी अम्लपित्ताला वेगळे प्रकरण दिलेले नाही. पण काश्यपसंहितेत ते आहे. हा ग्रंथ मुख्यतः मुलांच्या व बाळंतिणींच्या उपचारांचा. तो जवळजवळ हरवलेलाच होता. त्याची ताडपत्रावरील पोथी नेपाळात मिळाली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने तो छापला. म्हणजे आपल्या आज्यांच्या वेळच्या पुष्कळ वैद्यांनी तो पाहिलाही नसेल. पुढे माधवनिदानात या रोगाचे दोन प्रकार केले आहेत: वर चढणारा तो ऊर्ध्वग आणि खाली जाणारा तो अधोग. अन्न न पचणे, उगाच थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, छातीत व घशात जळजळ, तोंडाला चव नसणे ही लक्षणे तेथे दिली आहेत. वैद्यबुवांनी ती वाचून दाखविली तेव्हा मला वाटले, हा ग्रंथकार आमच्या माजघरात बसूनच लिहीत होता की काय!

काश्यपसंहितेतील कारणांची यादी तर आपण कोकणातल्या बायकांनी ऐकण्यासारखी आहे. आधीचे जेवण पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, शिळे व आंबलेले खाणे, जेवून लगेच आडवे होणे ही कारणे कोणालाही पटतील. पण त्या यादीत कुळीथही आहेत आणि पोहेही आहेत! आता चिपळुणात राहून कुळथाची पिठी आणि पोहे सोडावयाचे तर उरले काय? पुढे असेही म्हटले आहे की हा रोग पाणथळ, दमट मुलखात अधिक होतो, आणि औषधाने न हटला तर रोग्याने तो देश सोडून दुसरीकडे जावे. माझे माहेर माणदेशातले, म्हसवडकडचे. तेथील हवा कोरडी. माहेरी आठ दिवस राहिले की माझी जळजळ निम्म्याने कमी होते, हे खरे आहे. वैद्यबुवा म्हणतात, "पाहा, शास्त्र खोटे बोलत नाही." मी त्यांच्यापुढे मान हलविते, पण मनात म्हणते की माहेरी दुपारी बारा वाजता कोणी तरी गरम भाकरी माझ्या पानात वाढते, हे शास्त्रकारांनी मोजले होते काय?

जुन्या औषधांत अविपत्तिकर चूर्ण आपल्या ओळखीचे. त्यात लवंग, वेलदोडा, त्रिफळा, नागरमोथा आहेत, आणि भर निशोत्तर व साखर यांची. निशोत्तर रेचक आहे, म्हणून त्याने पोट साफ होते. सूतशेखर आणि शंखभस्म ही दुसरी दोन. शंख, कवडी, शिंपला हे सारे मुळात चुन्याचेच पदार्थ, आणि चुना आंबटपणा मारतो. साहेबाच्या दुकानातील खडूसारखी चघळावयाची गोळीही त्याच जातीची, असे मुलीने सांगितले तेव्हा मला गंमत वाटली. घरगुती उपायांत आमच्या सासूबाईंचा भर साळीच्या लाह्यांच्या पाण्यावर, मऊ भातावर आणि मोरावळ्यावर असे. कोकणात आमसुलाचे सार व सोलकढी पित्तावर देतात. आंबट पदार्थाने आंबट ढेकर कसा थांबतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. मला सोलकढी मानवते, माझ्या धाकट्या जावेला तिनेच त्रास होतो. तेव्हा हा उपाय ज्याने त्याने आपल्या पोटाला विचारूनच करावा.

ग्रंथ जुने असले तरी आपले ताट मात्र तेवढे जुने नाही. ज्या मिरचीवाचून आपले पान हलत नाही ती पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात अमेरिकेकडून आणली. त्यापूर्वी तिखटासाठी मिरी, पिंपळी आणि आले होते. चहा तर कालचा. १९०३ साली सरकारने चहावर पट्टी बसविली आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे गावोगाव, बाजारात आणि स्टेशनांवर लोकांना चहा करून दाखवीत, फुकटही पाजीत. माझ्या आजेसासूबाई सांगत की त्यांच्या लहानपणी चहा हे ताप आल्यावर घ्यावयाचे औषध होते. आज आपण पहाटे उठून रिकाम्या पोटी पहिली गोष्ट तीच करतो, आणि मग दहा वाजेपर्यंत डबे, पाणी, देवपूजा. आपल्या पोटात काही घन पडते ते अकरा वाजता. रात्री सर्वांचे झाल्यावर साडेदहाला उरलेले संपवावयाचे, भांडी आवरावयाची आणि पाठ टेकावयाची. वर एकादशी-चतुर्थीला साबुदाणा, दाण्याचे कूट आणि तळलेले बटाटे! उपासाला माझा विरोध नाही, मी स्वतः दोन्ही करते. पण खिचडीऐवजी वऱ्याचे तांदूळ आणि केळे घेतले तर देव रागावल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता पोटात आम्ल असते हे नक्की कसे कळले, ते पाहू. १८२४ साली लंडनच्या विल्यम प्राउट यांनी दाखविले की पोटातील रसात खनिज आम्ल असते. न्हाणीघरातील फरशी घासावयास आपण जे आणतो त्याच्याच कुळातले ते. परंतु पोटाच्या आत डोकावून पाहण्याची संधी एका अपघाताने आली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण कॅनेडियन नावाड्याला चुकून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचविले. पण पोटाला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. मग डॉक्टर त्या भोकातून रेशमाच्या धाग्याला बांधलेले मांसाचे आणि भाकरीचे तुकडे आत सोडीत आणि काही वेळाने ओढून काढून कितपत पचले ते पाहत. पुष्कळ प्रयोग झाले आणि १८३३ साली त्यांचे पुस्तक निघाले. माणूस रागावला की पचनाचा रस बिघडतो, हेही त्यांनी नोंदविले आहे. (त्या रसाला आमच्या घरातील वादांची कल्पना असती तर!) सर्व डॉक्टर बोमाँट यांना मान देतात, तो योग्यच आहे. मला मात्र त्या सेंट मार्टिनचे वाईट वाटते. तो त्यांच्या घरी लाकडे फोडी, चाकरी करी, आणि मधून मधून पोट उघडून बसे. शेवटी कंटाळून तो कॅनडात परत गेला. १८८० साली तो वारला तेव्हा डॉक्टरांनी प्रेत मागू नये म्हणून घरच्यांनी ते मुद्दाम बरेच दिवस ठेवून, मग खोल पुरले. त्या घरच्या माणसांचे मला पटते.

औषधांच्या बाजूला मॅग्नेशियाचे पातळ औषध १८२९ साली आयर्लंडच्या जेम्स मरे यांनी केले, आणि फळांच्या मिठाच्या नावाने फसफसणारी पूड ईनो नावाच्या इंग्रज औषधविक्याने विकली. ती आपल्याकडे इतकी रुळली की खेड्यातही ढोकळ्याला ईनोच लागतो. या पुडीत आणि आपल्या खाण्याच्या सोड्यात सोडियम असते, म्हणून रक्तदाब असलेल्या भगिनींनी ती रोज घेऊ नये. १९१५ साली अमेरिकेतील डॉक्टर सिपी यांनी अल्सरच्या रोग्यांना तासातासाला दूध-साय द्यावयास सुरुवात केली, आणि ती पद्धत कित्येक वर्षे चालली. दुधाने घटकाभर थंड वाटते, मागून मात्र पोट अधिक आम्ल सोडते, असे पुढे कळले. छातीतील जळजळ ही अन्ननळीच्या तोंडाशी असलेली झडप ढिली पडून आम्ल वर आल्याने होते, हे तर डॉक्टरांना फार उशिरा उमगले. १९३५ साली न्यूयॉर्कच्या विंकलस्टीन यांनी या विकाराचे वर्णन केले. त्या झडपेला तूप-तेल, तंबाखू, चॉकलेट आणि पेपरमिंट ढिले करतात. म्हणजे जळजळ होते म्हणून आपण चघळतो ती पुदिन्याची गोळी काहींना उलटीच पडते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. २०१६ च्या श्रावणात माझ्या थोरल्या जाऊबाईंना छातीत जळजळ व मळमळ सुरू झाली. आदल्या दिवशी उपास होता, तेव्हा पित्तच म्हणून त्यांनी स्वतःच लिंबू-सोडा घेतला. संध्याकाळी जबडा दुखू लागला आणि दरदरून घाम आला, म्हणून दिरांनी त्यांना दवाखान्यात नेले. तेथे अॅसिडिटीचे इंजेक्शन देऊन घरी पाठविले. हृदयाचा आलेख काढला नाही. पहाटे चार वाजता त्या गेल्या. त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा असाच पित्ताचे सोंग घेऊन येतो. दम लागणे, घाम, जबड्यात, पाठीत किंवा हातात कळ असेल तर सोडा शोधीत बसू नये आणि आलेख काढल्याखेरीज दवाखान्यातून हलू नये. गिळताना घास अडकणे, काळे शौच, रक्ताची उलटी, आपोआप वजन उतरणे हीदेखील घरी सोसण्याची लक्षणे नव्हेत.

जाऊबाईंच्या पिढीपूर्वी गोळ्याच नव्हत्या. आमच्या चुलत सासऱ्यांचा अल्सर १९६८ साली मुंबईस कापून काढला, पोटाच्या मोठ्या भागासकट. पुढे जन्मभर ते वाटीभराहून अधिक जेवले नाहीत. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने आपल्या सोबत्यांसह बारा वर्षे खटपट केली, तेव्हा १९७६ साली आम्ल उत्पन्न होण्याचेच थांबविणारी सिमेटिडीनची गोळी इंग्लंडात विक्रीस आली. १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये निघालेले ओमेप्राझोल बाजारात आले. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे औषध बनविण्याच्या पद्धतीवर तेवढा हक्क असे, पदार्थावर नसे. २००५ पर्यंत ही सवलत होती. म्हणून आपल्या कंपन्यांनी ही औषधे स्वस्तात केली आणि ती तुमच्या-माझ्या पिशवीत पोहोचली. अल्सरचे मूळ पुष्कळदा एका जंतूत असते हे ऑस्ट्रेलियाच्या वॉरन व मार्शल यांनी दाखविले. १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि पोट बिघडवून घेतले! २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. पण तो जंतू मारून अल्सर जातो. छातीत वर येणारे आम्ल त्याने जातेच असे नाही.

मुलीने मला गोळीविषयी समजावले ते असे: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीची गोळी जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावयाची, जळजळ झाल्यावर नव्हे. वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेऊ नये, कारण बी-बारा जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. आणि एकदम बंद केली तर आम्ल आधीपेक्षा जोराने उसळते, म्हणून सोडताना डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडावी. रॅनिटिडीन ही एके काळी घरोघरी असलेली गोळी, तिच्यात अपायकारक द्रव्य सापडल्याने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या सरकारने बाजारातून काढून घ्यावयास लावली.

माझे म्हणाल तर गोळी आता वर्षातून दोन वेळा, डॉक्टर सांगतील तेवढे आठवडेच घेते. सकाळी चहाआधी अर्धी भाकरी खाते. रात्रीचे जेवण आठाला सर्वांबरोबर करते. यासाठी घरात पंधरा दिवस अबोला सोसावा लागला, तो सोसला. जेवणानंतर तीन तास आडवी होत नाही आणि निजताना डाव्या कुशीवर. पलंगाच्या उशाकडील दोन पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या आहेत. पहिले चार दिवस ह्यांना आपण पायथ्याकडे घसरतो आहोत असे वाटे आणि ते रात्री उठून विटा काढीत; आता त्यांचाही खोकला कमी झाला आहे आणि विटा कोणी हलवीत नाही.