दाणा आणि पीठ : संगणकाच्या आज्ञावलींचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस पुढे इतिहासाच्या पुस्तकांत येईल की नाही, कोण जाणे. पण खेड्यापाड्यांतल्या शाळांनी तो लक्षात ठेवावा असा आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने आपल्या विंडोज-१० या प्रणालीची नेहमीची विनामूल्य डागडुजी थांबविली. ज्यांना हवे त्यांच्यासाठी वर्षभराच्या वाढीव संरक्षणाची सोय तिने ठेवली, हे खरे. पण ती तात्पुरतीच. बरे, नवी विंडोज-११ घालावी म्हटले, तर तिच्या अटी कडक. अलीकडच्या बनावटीचा प्रोसेसर हवा, टीपीएम नावाची सुरक्षेची चिप हवी. जुन्या संगणकांत या गोष्टी असायच्या कोठून?

आता आपल्या शाळेतला संगणक डोळ्यांपुढे आणा. पडदा उजळतो आहे, कळफलक चालतो आहे, मुले त्यावर हौसेने बोटे फिरवीत आहेत. यंत्र बिघडलेले नाही. तरी ते जुने ठरले. कोणी ठरविले? ज्यांनी वर्गणी काढून ते घेतले त्यांनी नव्हे, जे रोज वापरतात त्यांनीही नव्हे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न आज एकाएकी उपजलेला नाही. त्याला अर्धशतकाहून मोठा इतिहास आहे. तो आपण थोडक्यात पाहू.

प्रथम एक गोष्ट समजून घ्यावयास हवी. संगणक म्हणजे नुसते तारा, चिपा आणि डबा नव्हे. त्याने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञा त्यात भराव्या लागतात. या आज्ञांच्या मालिकेला आपण आज्ञावली म्हणतो. विंडोज किंवा लिनक्स यांना कार्यप्रणाली म्हणतात. ती संगणकाच्या घरातली कारभारीणच म्हणा ना! आज्ञावलीची रूपे दोन. माणूस ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. हे तिचे मूळ लेखन. मग तेच यंत्राला कळेल अशा आकड्यांत रूपांतरित होते. मूळ लेखन म्हणजे दाणा आणि यंत्ररूप म्हणजे पीठ, असे समजा. पिठाची भाकरी होते, पोट भरते. पण पीठ पेरता येत नाही आणि पिठावरून दाणा परत मिळत नाही. विकत घेतलेल्या बहुतेक आज्ञावलींत आपल्या हाती येते ते पीठ. दाणा कंपनीच्या कोठारात राहतो.

आरंभी असे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेला संगणक सुरू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्या काळी जो यंत्र वापरी तोच आज्ञाही लिही. अमेरिकेत आयबीएम कंपनी यंत्राबरोबर आज्ञावलीही देत असे, तिची वेगळी किंमत लावीत नसे. जून १९६९ मध्ये मात्र आयबीएमने जाहीर केले की, यापुढे काही आज्ञावलींचे पैसे वेगळे पडतील. यंत्र निराळे आणि आज्ञा निराळ्या, अशी वाटणी येथून सुरू झाली.

त्याच १९६९ साली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे दोघे युनिक्स नावाची नवी कार्यप्रणाली रचू लागले. ही प्रयोगशाळा एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे या कंपनीला टेलिफोनखेरीज दुसरा धंदा करण्यास मनाई होती. मग युनिक्स विकायची कशी? तिने ती विद्यापीठांना नाममात्र शुल्कात दिली आणि दाण्यासकट दिली. विद्यार्थ्यांना जणू सोन्याची खाणच सापडली.

आता या कथेत एक शिक्षक येतो. शिक्षक बंधुभगिनींनो, हा भाग खास तुमच्यासाठी. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे अध्यापक होते. त्यांना वाटले, विद्यार्थी लहानसहान उदाहरणे लिहितात, पण थोरांनी लिहिलेले वाचीत नाहीत. कविता शिकणाऱ्याने कविता वाचायला नकोत काय? तेव्हा त्यांनी युनिक्सच्या गाभ्याच्या सुमारे नऊ हजार ओळी छापल्या आणि जोडीला ओळीओळीचा अर्थ उलगडणारी टीका लिहिली. ज्ञानेश्वरीवर निरूपण करावे, तशी! ही १९७६-७७ ची गोष्ट. परंतु १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली आणि तिच्या परवान्यात अट आली की, मूळ लेखन वर्गात शिकवावयाचे नाही. लायन्स यांचे पुस्तक उघडपणे मिळेनासे झाले. मग काय झाले असेल? विद्यार्थी त्याच्या झेरॉक्स प्रती काढू लागले. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत. अक्षरे पुसट होत गेली, पण पुस्तक देशोदेशी पोहोचले. रीतसर प्रसिद्ध व्हायला त्याला १९९६ साल उजाडावे लागले.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. फेब्रुवारी १९७६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तरुण संस्थापक बिल गेट्स यांनी संगणकाचा छंद असणाऱ्यांना एक उघडे पत्र लिहिले. त्यांचा रोख असा की, आमची आज्ञावली तुम्ही फुकट उतरवून घेता. मग महिनोन्‌महिने खपून चांगली आज्ञावली कोणी लिहावी आणि कशाच्या बळावर? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. सुताराला मजुरी मिळावी आणि आज्ञावली लिहिणाऱ्याला मिळू नये, असे कोण म्हणेल? मेहनतीचे दाम मागणे रास्तच होते. पण दाम मागणे वेगळे आणि दाणा कायमचा कुलपात ठेवणे वेगळे. पुढे या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्या, तेथे घोटाळा झाला.

गंमत अशी की, यंत्राच्या बाबतीत उलटे घडले. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी, म्हणजे वैयक्तिक संगणक, बाजारात आणला. घाईने करायचा म्हणून त्यात बाजारात मिळणारे भाग वापरले आणि रचनेची माहितीही छापून दिली. पुढच्याच वर्षी कॉम्पॅक या कंपनीने त्याच्याशी जुळणारा संगणक जाहीर केला. मग इतरांची रीघ लागली. चढाओढ वाढली, भाव उतरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन ‘असेंबल्ड’ संगणक जुळवून देणारे दुकानदार आपल्याकडे अनेकांनी पाहिले आहेत. ते शक्य झाले ते यंत्राची रचना खुली होती म्हणून. म्हणजे डबा कोणालाही उघडता येऊ लागला. आतली विंडोज मात्र पिठाच्या रूपानेच येत राहिली.

याविरुद्ध उघड उभा राहिला तो अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतला रिचर्ड स्टॉलमन. निमित्त घडले एका छपाईयंत्राचे. १९८० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक नवे छपाईयंत्र भेट मिळाले. त्यात कागद वरचेवर अडकत असे. पूर्वीच्या यंत्रात स्टॉलमनने आज्ञा घालून ठेवली होती की, कागद अडकला की सर्वांना सूचना जावी. नव्या यंत्रातही तेच करावे, म्हणून तो मूळ लेखन मागावयास दुसऱ्या विद्यापीठातल्या एका जाणकाराकडे गेला. उत्तर आले, ‘देणार नाही, असे मी लिहून दिले आहे.’ दुरुस्ती येत होती, करण्याची तयारी होती, पण परवानगी नव्हती. ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमनने ‘ग्नू’ नावाची संपूर्ण मोकळी प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. १९८५ मध्ये त्यासाठी संस्था काढली. १९८९ मध्ये त्याने एक परवाना तयार केला आणि माझ्या मते त्याची सर्वांत मोठी कामगिरी हीच. घरच्या बियाण्याची रीत आठवा, म्हणजे परवाना समजेल. बी घे, पेर, सुधार, शेजाऱ्याला दे. पैसे घेऊन दिलेस तरी हरकत नाही. मात्र ज्याला पीठ देशील त्याला दाणाही दिला पाहिजे आणि पुढे देण्याची मोकळीकही दिली पाहिजे. कायद्याचेच हत्यार, पण कुलूप लावण्याऐवजी दार उघडे ठेवण्यासाठी वापरले!

इकडे हॉलंडमध्ये अँड्र्यू टॅननबॉम नावाच्या आणखी एका प्राध्यापकापुढे तोच प्रश्न उभा होता : युनिक्स शिकवता येत नाही, तर मुलांना दाखवू काय? त्याने १९८७ मध्ये ‘मिनिक्स’ ही लहानशी प्रणाली शिकविण्यासाठी स्वतः लिहिली आणि पुस्तकात छापली. ते पुस्तक फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने वाचले. २५ ऑगस्ट १९९१ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने जाहीर केले की, मी छंद म्हणून एक प्रणाली लिहितो आहे, फार मोठे काही होणार नाही. ती लिनक्स. १९९२ मध्ये त्याने तिला स्टॉलमनचा परवाना लावला. ग्नूची अवजारे तयार होती, लिनक्सचा गाभा मिळाला आणि प्रणाली पुरी झाली. छंदाचे पुढे काय झाले पाहा. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान संगणकांची जी यादी निघते, तीत प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे.

आता हे मराठीशी कसे जुळते ते सांगतो. एके काळी प्रत्येक कंपनी देवनागरी अक्षरांना आपापले गुप्त क्रमांक देई. एका छापखान्यात जुळवलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांचा सडा! कित्येक संस्थांचे जुने लेखन अशा रीतीने अडकून पडले. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी समान संकेत ठरविला. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली आणि ‘क’ या अक्षराचा क्रमांक जगभर २३२५ असा एकच झाला. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे अक्षरसंच खुल्या परवान्याखाली दिले. संकेत सर्वांचा झाला तेव्हाच आपली अक्षरे एका यंत्रातून दुसऱ्यात सुखरूप जाऊ लागली. २००७ मध्ये आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली काढली. केरळात तर ‘काइट’ ही सरकारी संस्था तेथील शाळांसाठी लिनक्सवरचीच प्रणाली तयार करून देते.

मग खुले ते सारे चांगले, असे समजावे काय? मुळीच नाही. ओपनएसएसएल ही खुली आज्ञावली जगभरच्या असंख्य संगणकांवरचे गुप्त व्यवहार सांभाळते. तिच्यात २०१२ मध्ये एक दोष शिरला. दाणा सर्वांसमोर पसरलेला होता, पण निवडायला कोणी बसलेच नाही. एप्रिल २०१४ मध्ये तो दोष उघडकीस आला, तेव्हा सगळीकडे धावपळ उडाली. दार उघडे आहे एवढ्याने घर झाडले जात नाही, झाडणारा लागतो. आणि त्या झाडणाऱ्याच्या पोटाचीही कोणी काळजी घ्यावी लागते. गेट्स यांचा जुना प्रश्न येथे पुन्हा दारात येऊन उभा राहतो.

तर मग आपण काय करावे? माझे मत असे. शाळेतला जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवून पाहावी. एका पेन ड्राइव्हवर ती उतरवून घेता येते आणि यंत्रातले काहीही न पुसता तेथूनच चालवून बघता येते. जमली तर कायमची बसवावी, पण आधी आपले सर्व लेखन दुसरीकडे जपून ठेवावे. काही आज्ञावली फक्त विंडोजवरच चालतात. आपले काम त्यांच्यावाचून अडते का, याचीही आधी चौकशी करावी. अडत असेल तर एक यंत्र त्यासाठी राखावे, बाकीची मुलांना मोकळी करावीत.

पण खर्च वाचतो एवढ्यावर थांबू नये. मिळालेल्या दाण्याचा उपयोग वाचण्यासाठी करावा. आठवी-नववीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलाला वा मुलीला लहानशा खुल्या आज्ञावलीचे मूळ लेखन उघडून दाखवा. एखादी ओळ बदलू द्या; बिघडले तर पुन्हा मूळचे घालता येते. आपल्यालाच सर्व आले पाहिजे असेही नाही. सोबत बसून वाचले तरी पुष्कळ झाले. सिडनीच्या त्या अध्यापकाने निराळे काय केले होते? थोरांनी लिहिलेले मुलांपुढे उघडून ठेवले आणि ओळीओळीने समजावून सांगितले. यंत्रावर शेवटचा शब्द आपला असावा असे वाटत असेल, तर त्यातली आज्ञा वाचू शकणारे कोणी तरी आपल्या गावात तयार झाले पाहिजे, आणि ते काम शाळेवाचून दुसरे कोण करणार?