जी जाग कुणालाच आठवत नाही

‘काल रात्री एकदाही जाग आली नाही’ असे आपण सकाळी खात्रीने सांगतो. ते बहुधा खरे नसते. निरोगी माणूसही रात्रीतून अनेकदा क्षणभर जागा होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे जुनाच पेच दिसतो: साक्षीदारालाच आठवत नसेल, तर साधने कुठून आणायची?

लांबलेल्या जागेची साधने आहेत. अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ मध्ये जुन्या इंग्लंडमधील न्यायालयीन जबान्या, रोजनिशा आणि वैद्यकग्रंथ यांतून ‘पहिली झोप’ व ‘दुसरी झोप’ हे शब्दप्रयोग उजेडात आणले. मधल्या वेळात लोक प्रार्थना करीत, गप्पा मारीत. (सगळी मानवजात अशीच झोपत असे, हे सर्रास फिरणारे विधान मात्र ताणलेले आहे. टांझानिया, नामिबिया व बोलिव्हियातील वीज नसलेल्या समाजांच्या २०१५ मधील पाहणीत अशी दुभंगलेली झोप नेहमीची आढळली नाही.)

क्षणभराची जाग मात्र जबानीत येत नाही. तिचे दस्तऐवज यंत्राने लिहिले. जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदी १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. पुढे न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये आल्फ्रेड लूमिस या धनाढ्य बँकरच्या खासगी प्रयोगशाळेत झोपलेल्या माणसांच्या लहरी रात्रभर कागदावर उतरू लागल्या. १९३७ मध्ये त्याने व सहकाऱ्यांनी झोपेच्या पाच अवस्था मांडल्या. झोप रात्रभर खाली-वर होत राहते, हे आता डोळ्यांना दिसत होते. १९९२ च्या अमेरिकी नियमावलीने तर अवघ्या तीन सेकंदांचा लहरबदलही जागृती म्हणून मोजायचे ठरवले.

मग ती आठवत का नाही? झोप लागण्यापूर्वीच्या शेवटच्या काही मिनिटांतले अनुभव स्मृतीत पक्के होत नाहीत. जाग त्याहून छोटी असेल, तर ती पूर्णच पुसली जाते.

आणि ती येते तरी का? १९६६ मध्ये फ्रेडरिक स्नायडर यांनी पहारेकऱ्याची कल्पना मांडली: अधूनमधून जागे होणारा प्राणी धोका वेळीच ओळखतो. मला ती दीर्घकाळ सुंदर पण सिद्ध न होणारी वाटे. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी टांझानियातील हादझा या शिकारी-संकलक समाजातील ३३ प्रौढांच्या मनगटांवर सुमारे तीन आठवडे हालचाल मोजणारी यंत्रे बांधली गेली. २२० हून अधिक तासांच्या नोंदींत सगळे एकाच वेळी गाढ झोपलेले आढळले, ती मिनिटे होती केवळ १८.