जेम्स बर्ट्राम कॉलिप : इन्सुलिनच्या शोधाचे अस्सल कागद व बखरी

बखरीनें ज्या सरदाराच्या पदरीं एखाद्या लढाईचें यश घातलें, त्याच्या जागीं समकालीन पत्रांत दुसऱ्याचेंच नांव निघावें, हा अनुभव दफ्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस नवा नाहीं. असाच एक प्रकार वैद्यकाच्या अर्वाचीन इतिहासांत घडला आहे. तेथील कागद काळानें इतके जवळचे आहेत कीं, बखर कशी बनते हें जवळजवळ डोळ्यांदेखत पाहतां येतें; म्हणून तो येथें देत आहों.

मधुमेहावरील इन्सुलिनचा शोध कॅनडांतील टोरोंटो येथें १९२१-२२ सालीं बँटिंग व बेस्ट या जोडीनें लावला, असें सामान्यतः सांगतात. हें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. तिसरे गृहस्थ जेम्स बर्ट्राम कॉलिप. यांचा जन्म ऑंटेरिओ प्रांतांतील बेलव्हिल येथें २० नोव्हेंबर १८९२ रोजीं झाला. १९१५ त ते एडमंटन येथें आल्बर्टा विद्यापीठांत अध्यापक झाले व १९२१ त रॉकफेलर प्रवासवृत्ति घेऊन टोरोंटोस प्रो. मॅक्लिऑड यांच्याकडे आले. स्वादुपिंडाच्या अर्कानें कुत्र्याच्या रक्तांतील शर्करा उतरते, हें बँटिंग-बेस्ट यांनीं तोंवर दाखविलें होतें. तो अर्क माणसास टोंचण्याजोगा शुद्ध करण्याचें काम डिसेंबरांत कॉलिप यांच्याकडे आलें.

आतां अस्सल कागद पाहूं. मार्च १९२२ मध्यें कॅनडाच्या वैद्यक-संघाच्या मासिकांत आलेल्या लेखांत लेनर्ड थॉमसन या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत आहे. ११ जानेवारी रोजीं त्यास बँटिंग-बेस्ट यांचा अर्क टोंचला, शर्करा ०.४४० वरून ०.३२० टक्क्यांवर आली, आणि टोंचल्या जागीं गळूं झालें. उपचार थांबवावा लागला. २३ जानेवारी रोजीं कॉलिप यांचा अर्क टोंचला, तेव्हां एका दिवसांत शर्करा ०.५२० वरून ०.१२० वर उतरली. मधल्या बारा दिवसांत काय घडलें? मद्यार्काचें प्रमाण वाढवीत नेल्यास नको असलेलीं प्रथिनें आधीं खालीं बसतात, औषधी द्रव्य ९० टक्क्यांच्या सुमारास तसेंच विरघळून राहतें, व आणखी थोडें प्रमाण वाढवितांच तेंहि खालीं बसतें, हें कॉलिप यांच्या हातीं लागलें. मुलाचा जीव वांचला तो ह्या युक्तीनें. तो पुढें १९३५ पर्यंत जगला.

आतां बखर. बँटिंग यांनीं १९४० त लिहिलेल्या आठवणींत असें आहे कीं, कॉलिप यांनीं येऊन सिद्धि झाल्याचें सांगितलें, पण कृति सांगण्याचें नाकारलें, व त्यावरून बँटिंग त्यांच्या अंगावर धांवून गेले. ही हकीकत सबंध टाकून देण्याजोगी नाहीं. २५ जानेवारी १९२२ चा एक करारनामा उपलब्ध आहे. त्यांत कोणीहि स्वतंत्रपणें हक्क नोंदवूं नये असें चौघांनीं मान्य केलें आहे. भांडण झालें नसतें तर दुसऱ्या टोंचणीनंतर दोनच दिवसांत असा कागद कशाला लागता? तथापि तपशिलासाठीं अठरा वर्षांनंतरच्या स्मृतीवर भिस्त ठेवणें धोक्याचें आहे. ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं बँटिंग यांनीं आपल्या वहींत मूळ कल्पना टिपली, ती वही आजहि आहे; रोगाचें नांवहि तींत चुकलेलें आहे! मागाहून त्यांनीं तेंच टिपण म्हणून जें सांगितलें, त्यांत आठवड्यांची मुदत व अर्क काढण्याची गोष्ट आली. मूळ वहींत ती नाहीं. बखरकार लबाड असतोच असें नव्हे. त्यास पुढचें ठाऊक असतें, एवढेंच. ह्या साऱ्या कागदांची ताडणी मायकेल ब्लिस यांनीं १९८२ च्या ग्रंथांत केली, तेव्हां कोठें कॉलिप यांचा वाटा उघड झाला. १९२३ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचें नांव नव्हतें; मॅक्लिऑड यांनीं आपल्या वांट्यांतील निम्मी रक्कम त्यांस दिली होती.

परंतु कॉलिप यांचा पक्ष घेतांना दोन गोष्टी दडवितां येत नाहींत. अर्क मोठ्या प्रमाणावर करूं जातां त्यांची कृति त्यांच्याच हातून निसटली, व मे १९२२ पर्यंत पूर्ववत् साधली नाहीं. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. १९२५ त पॅराथायरॉइड ग्रंथींचा अर्क काढल्याबद्दल त्यांची कीर्ति झाली. पण अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांतील हॅन्सन नांवाच्या डॉक्टरांनीं तत्पूर्वींच गरम अम्लाच्या रीतीनें तो काढून प्रसिद्ध केला होता. आमच्या मतें अग्रमान हॅन्सन यांचाच. कुत्र्याच्या रक्तांतील चुन्यावरून मात्रेचें माप ठरविलें, तें श्रेय कॉलिप यांचें. टोरोंटोंत ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्याच छायेंत दुसरा एक झांकला गेला.

१९२८ त ते माँट्रिअलच्या मॅक्गिल विद्यापीठांत गेले. तेथें १९३३ त अँडरसन व टॉमसन यांच्यासह अधिवृक्क ग्रंथींस चेतविणारा मस्तिष्कतलग्रंथीचा अंतःस्राव वेगळा केला. हें त्यांच्या उत्तरायुष्यांतील मोठें काम होय. १९४७ त ते लंडन (ऑंटेरिओ) येथील वैद्यक-विद्यालयाचे प्रमुख झाले, व १९ जून १९६५ रोजीं तेथेंच वारले.

फेब्रुवारी १९४१ मध्यें युद्धाच्या कामासाठीं इंग्लंडास निघालेल्या बँटिंग यांनीं माँट्रिअल सोडण्यापूर्वीं एक संध्याकाळ कॉलिप यांच्या सहवासांत घालविली. पुढें थोड्याच दिवसांत न्यूफाउंडलंड येथें विमान पडून बँटिंग मरण पावले. ज्या भांडणाची हकीकत त्यांनीं वर्षापूर्वींच लिहून ठेविली होती, ती त्या वेळीं त्यांच्या दफ्तरांत पडून होती.