टाचणवहीतल्या एका रकान्याची कुळकथा

गोंदिया जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजींची टाचणवही चाळली, तर इयत्ता, विषय, घटक यांच्या जोडीला ‘अध्ययन निष्पत्ती’ असा एक रकाना दिसतो. पाठाच्या शेवटी मूल काय करू शकेल, हे तिथे आधी लिहायचे आणि मग पाठ आखायचा. हा रकाना २०१७ नंतर रूढ झाला, म्हणून ही पद्धत दिल्लीहून नुकतीच आली असा अनेकांचा समज आहे. पण तिचे कूळ बरेच जुने आहे.

पूर्वीच्या टाचणात त्या जागी ‘हेतुकथन’ असे. प्रस्तावना झाली की शिक्षक वर्गाला सांगत, “आज आपण अमुक अभ्यासणार आहोत.” ही चौकट हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या परंपरेतली. हर्बार्ट १८४१ मध्ये वारला. त्याच्या विचारांना पुढे झिलर आणि राईन या अनुयायांनी पाच पायऱ्यांचे रूप दिले आणि ते जगभरच्या अध्यापक विद्यालयांत पोहोचले. आपल्याकडच्या शिक्षकांच्या पिढ्या याच पायऱ्यांवर सराव पाठ देत घडल्या. त्या चौकटीला शिस्त होती, हे मान्य करायलाच हवे. पण तिच्यात हालचाल सारी शिक्षकाची होती. त्याने काय सांगायचे, कधी विचारायचे, फळ्यावर काय लिहायचे हे ठरलेले असे. मुलाला काय आले, याला टाचणात जागा नव्हती.

ती जागा करून दिली शिकागोच्या राल्फ टायलर यांनी. उद्दिष्ट लिहायचे ते शिक्षकाच्या कृतीचे नव्हे, विद्यार्थ्यात घडणाऱ्या बदलाचे, असे त्यांनी १९४९ च्या आपल्या छोट्या पुस्तकात मांडले. त्यांच्याच परंपरेतले बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये बोधात्मक उद्दिष्टांची उतरंड प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. गोंदिया तेव्हा त्याच जिल्ह्यातले गाव होते. पाठोपाठ ब्लूम स्वतः भारतात आले आणि माध्यमिक शिक्षणातल्या मूल्यमापनावर त्यांनी कार्यशाळा घेतल्या. मुदलियार आयोगाने आपल्या परीक्षापद्धतीवर कठोर टीका केलेलीच होती, त्यामुळे जमीन तयार होती.

बी.एड.च्या टाचणात मग ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ आली. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, आणि प्रत्येकाखाली ‘विद्यार्थी फरक सांगतो, उदाहरण देतो, आकृती काढतो’ अशी वाक्ये. विचार मोलाचा होता. पण या वाक्यांची यादीच पाठ होऊ लागली. ती टाचणात उतरवायची आणि पाठ मात्र जुन्याच वाटेने घ्यायचा, अशी सवय जडली. या पद्धतीच्या इतिहासातली सर्वांत मोठी हानी मी हीच मानतो, कारण पुढेही ती पुन्हा पुन्हा झाली.

प्राथमिक शाळेपर्यंत हा विचार जोमाने पोहोचला तो रवींद्र दवे यांच्यामुळे. दवे शिकागो विद्यापीठातच संशोधन करून आलेले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने किमान अध्ययन क्षमता ठरवल्या. १९९१ मध्ये तो अहवाल आला. महाराष्ट्राने १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित केला. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा इथले गुरुजी क्षमतांचे क्रमांक टाचणात लिहीतच होते. क्षमतेपुढे खूण करायची आणि पुढे सरकायचे, असे त्याचेही झाले.

शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत २०१७ च्या फेब्रुवारीत दुरुस्ती झाली आणि इयत्तावार, विषयवार अध्ययन निष्पत्तींना कायद्याचे बळ मिळाले. एनसीईआरटीने त्यांची पुस्तिका काढली, बालभारतीने त्या पाठ्यपुस्तकांत छापल्या, निष्ठा प्रशिक्षण आणि निपुण भारत यांनी त्या घरोघर नेल्या. डाएट, गटसाधन केंद्र, केंद्राची शिक्षण परिषद या वाटेने त्या देवरी-सालेकसापर्यंत गेल्या.

त्या पुस्तिकेची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. तिच्यात दोन बाजू आहेत. एका बाजूला निष्पत्ती, तर दुसऱ्या बाजूला मुलांना कोणत्या संधी द्याव्यात ते. प्रशिक्षणात आणि तपासणीत पहिल्या बाजूवर भर राहतो, संकेतांक पाठ होतात. जीव मात्र दुसऱ्या बाजूत आहे. पहिलीच्या भाषेची एक निष्पत्ती मुलाने स्वतःच्या किंवा शाळेच्या भाषेत गप्पा मारण्याची आहे. पोवारी, गोंडी, हलबी, लोधी, हिंदी बोलणारी मुले ज्या जिल्ह्यात एकाच वर्गात बसतात, तिथे हे एक वाक्य मनावर घेतले तरी पहिलीचा पाठ बदलतो. मूल घरच्या बोलीत परह्याची किंवा बांधीची गोष्ट सांगते, गुरुजी ऐकतात, त्यातले शब्द फळ्यावर येतात, आणि तिथून प्रमाण मराठीकडे वाट निघते.

गणिताचेही तसेच. चौथीच्या मुलाने अर्धा, पाव, पाऊण ओळखावे, अशी निष्पत्ती आहे. घटकापासून सुरुवात करणारे टाचण पुस्तकातल्या रंगवलेल्या वर्तुळाकडे जाईल. निष्पत्तीपासून सुरुवात करणाऱ्याला आधी ठरवावे लागेल की मुलाला हे खरेच कळले, हे मला कशावरून समजेल? या धानाच्या जिल्ह्यात त्याला उत्तर दूर शोधावे लागत नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर धानाचा कट्टा ४० किलोचा भरतात आणि भाव क्विंटलचा असतो. अर्धा कट्टा २० किलो, अर्धा क्विंटल ५० किलो. दोन्ही अर्धेच, मग वजन वेगळे का? ‘अर्धे कशाचे?’ असा उलट प्रश्न मुलाने विचारला, तर निष्पत्ती साधली. ही कसोटी आधी ठरली की उपक्रम आपोआप सुचतो. विगिन्स आणि मॅकटाय या अमेरिकन लेखकांनी १९९८ मध्ये नियोजनाचा हाच उलटा क्रम सविस्तर मांडला: आधी फलित, मग पुरावा, शेवटी उपक्रम. आपल्या टाचणात यांतला मधला टप्पा अजूनही सर्वांत दुबळा आहे.

म्हणून केंद्रप्रमुखांना आणि डाएटच्या सुलभकांना एक विनंती. पुढच्या शिक्षण परिषदेत निष्पत्तींची यादी वाचून दाखवू नका. एकच निष्पत्ती घ्या, शिक्षकांना आपल्या वर्गातल्या मुलांच्या वह्या सोबत आणायला सांगा, आणि त्या वह्यांत ती निष्पत्ती कुठे दिसते, यावर दोन तास बोला. टाचण त्यानंतर लिहा.